शेजाऱ्याच्या गल्ल्यात

एक कोडं घालतो. दोन चित्रपट आहेत. पहिल्यात १९५०च्या दशकातल्या फ्लोरिडामधली शाळकरी पोरं टवाळक्या करत हिंडतात, आणि चित्रीकरणही फ्लोरिडातच झालेलं. दुसऱ्यात टोरांटोच्या चायनाटाउनमधली तेरा वर्षांची मुलगी आहे, लाल ट्राम आहे, सीएन टॉवर आहे आणि दिग्दर्शिकाही लहानपणापासून टोरांटोत वाढलेली. यातला कॅनडाचा चित्रपट कोणता?

पहिला. 'पोर्कीज' (१९८१) हा कागदोपत्री कॅनडाचा. सर्वाधिक कमाईचा कॅनेडियन चित्रपट म्हणून पुढे कित्येक वर्षं त्याचंच नाव घेतलं गेलं. डोमी शी हिचा 'टर्निंग रेड' (२०२२) मात्र पिक्सारचा, म्हणजे डिस्नेचा, म्हणजे अमेरिकेचा. मार्गारेट अ‍ॅटवुड कॅनडाची लेखिका, तिच्या कादंबरीवरची 'द हँडमेड्स टेल' ही मालिका टोरांटो आणि आसपास चित्रित झालेली, तरी तीही अमेरिकेचीच.

ही गंमत समजायला हिशेबाची वही उघडावी लागते. अमेरिकी वितरक दर आठवड्याला तिकीटबारीचे आकडे जाहीर करतात, त्यात 'डोमेस्टिक' म्हणून एक रकाना असतो. या घरच्या रकान्यात अमेरिकेबरोबर कॅनडाही धरलेला असतो. स्वतःची संसद, स्वतःचं चलन आणि स्वतःचा झेंडा असलेला देश शेजाऱ्याच्या गल्ल्यात परस्पर जमा. आपल्याकडे वितरकांच्या बोलीत विदर्भ अजूनही 'सीपी-बेरार'मध्ये मोडतो. राज्यं बदलली, नकाशे बदलले, पण सिनेमाच्या धंद्यानं आपला जुना नकाशा घडी करून खिशात ठेवला आहे. कॅनडाचं तसंच, फक्त तिथे घडीत अख्खा देश आहे.

या गल्ल्याची पायाभरणी करणाऱ्यांत कॅनडाचे लोक होते, हा त्यातला आणखी एक खोचक भाग. 'अमेरिकेची लाडकी' म्हणून मिरवलेली मेरी पिकफर्ड ही १८९२मध्ये टोरांटोत जन्मलेली ग्लॅडिस स्मिथ. चॅप्लिन, फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांच्यासोबत १९१९मध्ये तिनं युनायटेड आर्टिस्ट्स काढली. विनोदी धावपळीच्या मूकपटांचा बादशहा मॅक सेनेट क्वेबेकमधला. वॉर्नर बंधूंपैकी जॅकचा जन्म ऑन्टारिओतल्या लंडनचा. एमजीएमचा लुई मेयर लहानाचा मोठा झाला न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉन या बंदरात. ऑस्करच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या सोहळ्यात सर्वोत्तम अभिनेत्री ठरल्या पिकफर्ड, नॉर्मा शीरर आणि मारी ड्रेसलर. तिघी कॅनडाच्या. म्हणजे माणसं उत्तरेकडून दक्षिणेकडे गेली आणि चित्रपट दक्षिणेकडून उत्तरेकडे आले.

चित्रपट येण्याचा रस्ताही लवकरच एका मुठीत गेला. फेमस प्लेयर्स ही चित्रपटगृहांची साखळी १९२०मध्ये कॅनडात उभी राहिली आणि १९३०पर्यंत पॅरामाउंटच्या ताब्यात गेली. मक्तेदारीची चौकशी झाली, अहवाल विरोधात गेला, ऑन्टारिओत खटलाही चालला, आणि १९३२मध्ये सगळे निर्दोष सुटले. तिथून पुढे प्रश्न तोच राहिला: चित्रपट काढाल, लावाल कुठे? आज या देशातली बहुतांश तिकीटविक्री सिनेप्लेक्स या एकाच कंपनीच्या पडद्यांवर होते. ती कंपनी कॅनडाची असली तरी तिच्या पडद्यांवर सुट्टीच्या मोसमात काय लागेल, हे मुख्यतः लॉस एंजेलिसमध्ये ठरतं.

त्या काळच्या पडद्यावर कॅनडा नव्हता असं मात्र नाही. उलट तो भरपूर होता. पत्रकार-इतिहासकार पिएर बर्टननं १९७५मध्ये 'हॉलिवूड्स कॅनडा' हे पुस्तक लिहिलं, तेव्हा कॅनडाविषयीच्या हॉलिवूडपटांची मोजदाद ५७५वर गेली होती. त्यातला कॅनडा म्हणजे बर्फ, पाइनची झाडं, लाकूडतोडे आणि लाल डगल्यातला घोडेस्वार पोलीस. 'रोझ मारी' (१९३६) या संगीतपटात नेल्सन एडी असाच पोलीस होऊन तळ्याकाठी गात सुटतो. ते कॅनडाचं तळं प्रत्यक्षात अमेरिकेतलं लेक टाहो. तेव्हा अमेरिकेतल्या डोंगरात कॅनडा चित्रित होत असे, आज कॅनडातल्या रस्त्यांवर अमेरिका चित्रित होते. नव्वद वर्षांत सोंगांची अदलाबदल झाली, पण मुखवट्यांची पेटी ज्याच्याकडे होती त्याच्याकडेच आहे.

या साऱ्या इतिहासातलं मला सर्वांत बोलकं वाटणारं प्रकरण १९४८चं. महायुद्धानंतर कॅनडाला अमेरिकी डॉलरांची चणचण भासू लागली. चित्रपटांच्या भाड्यापोटी कोट्यवधी डॉलर दक्षिणेकडे जात होते. त्यातला काही हिस्सा अडवून ठेवावा किंवा अमेरिकी स्टुडिओंना तो कॅनडातच गुंतवायला लावावा, असा विचार ओटावात चालू होता. ब्रिटननं नुकताच अमेरिकी चित्रपटांवर जबर कर बसवला होता, त्यामुळे हॉलिवूडही धास्तावलेलं. मग अमेरिकी निर्मात्यांच्या संघटनेनं तोडगा पुढे केला. पैसे अडवू नका, त्याबदल्यात आम्ही आमच्या चित्रपटांत कॅनडाचं नाव घेऊ. नाव ऐकून अमेरिकी पर्यटक तुमच्याकडे येतील आणि डॉलर आपोआप परततील! व्यापारमंत्री सी. डी. हाऊ यांना हा सौदा पटला. 'कॅनेडियन को-ऑपरेशन प्रोजेक्ट' या भारदस्त नावानं तो सुमारे दहा वर्षं चालला. त्याची फळं पाहायची तर जेम्स स्टुअर्टचा 'बेंड ऑफ द रिव्हर' (१९५२) पाहावा. रानात रात्री पक्ष्याचा आवाज येतो आणि एक पात्र सांगतं, हा कॅनडाचा पक्षी. झालं, एका देशाच्या चित्रपटसृष्टीची भरपाई झाली! आपल्याकडे 'बोलाची कढी, बोलाचा भात' म्हणतात. ओटावाच्या मंत्र्यांनी तो भात दहा वर्षं जेवला.

सरकार अगदीच झोपलेलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. १९३९मध्ये जॉन ग्रीअर्सन या स्कॉटिश माणसाच्या पुढाकारानं नॅशनल फिल्म बोर्ड स्थापन झालं. हॉलिवूडशी कथापटांत झुंजण्यात अर्थ नाही, आपण माहितीपट आणि अ‍ॅनिमेशन करावं, हा त्यामागचा व्यवहार. त्यातून जे निघालं ते खरोखर पहिल्या प्रतीचं होतं. नॉर्मन मॅकलॅरनचा 'नेबर्स' (१९५२) आठ मिनिटांचा. दोन शेजारी हद्दीवर उगवलेल्या एका फुलासाठी एकमेकांचा जीव घेतात. जिवंत माणसांनाच बाहुल्यांसारखं एकेका चौकटीत सरकवून केलेल्या त्या लघुपटाला ऑस्कर मिळालं. मराठी माणसाला इथे १९४१चा 'प्रभात'चा 'शेजारी' आठवल्यावाचून राहत नाही. तिथे बुद्धिबळ खेळणाऱ्या दोन म्हाताऱ्यांत धरणवाला उद्योगपती फूट पाडतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून आलेल्या इशू पटेल यांनी याच बोर्डात मण्यांची मांडणी हलवत 'बीड गेम' (१९७७) केला. शाळेत, वाचनालयात, गावसभेत हे चित्रपट दिसत. पण शनिवारी संध्याकाळी तिकीट काढून लोक जिथे जात, तिथे ते फारसे नव्हते. सरकारनं कलेची सोय केली, चित्रपटगृहाला हात लावला नाही. इथेच मेख आहे.

कथापटांसाठी वेगळं महामंडळ निघालं ते १९६७च्या कायद्यानं. सत्तरच्या दशकाच्या मध्यात करसवलतीची मोठी लाट आली: चित्रपटात घातलेला शंभर टक्के पैसा करपात्र उत्पन्नातून वजा. मग काय, दातांचे डॉक्टर आणि वकील निर्माते झाले. वर्षअखेर जवळ आली की घाईघाईनं कॅमेरे फिरू लागत. पडेल अमेरिकी नट आणावेत, टोरांटोच्या रस्त्यावर अमेरिकी झेंडा लावावा आणि डब्यात काय भरलं ते कुणी पाहू नये, असा तो मामला. 'पोर्कीज' या हंगामाच्या शेवटाकडचं पीक.

हंगाम गेला, पण हात तयार झाले होते. प्रकाशयोजना, सुतारकाम, ध्वनी, वेशभूषा यांत मुरलेली माणसं टोरांटो आणि व्हँकुव्हरमध्ये होती. कॅनडाचा डॉलर स्वस्त, वेळ आणि भाषा तीच, लॉस एंजेलिसहून व्हँकुव्हर विमानानं तीन तासांच्या आत. 'द एक्स-फाइल्स'नं १९९३पासून पाच हंगाम व्हँकुव्हरला मुक्काम ठोकला. १९९७मध्ये केंद्र सरकारनं परदेशी निर्मात्यांना कॅनेडियन मजुरीवर करपरतावा देऊ केला, प्रांतांनी आपापली भर घातली, आणि 'हॉलिवूड नॉर्थ' हा शब्द रूढ झाला. 'शिकागो' या नावाचा चित्रपट टोरांटोत झाला. जॅकी चॅनच्या 'रंबल इन द ब्राँक्स'मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समागे हिरवेगार डोंगर दिसतात, ते व्हँकुव्हरचे. ब्राँक्समध्ये डोंगर नाहीत, पण ते पुसायला कुणाला वेळ होता?

टोरांटोत राहणाऱ्याला या सोंगांची सवय होते. सकाळी कामावर जाताना कोपऱ्यावर न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्स्या उभ्या असतात, कॅनडाच्या लाल टपालपेटीजागी अमेरिकेची निळी येते, दिव्याच्या खांबावर चित्रीकरणाच्या तळाकडे नेणारी, सांकेतिक नावाची पाटी लागते. इथे एक किस्सा सांगतात, खरा की रचलेला देव जाणे. न्यूयॉर्क वाटावं म्हणून कला विभागानं गल्लीत कचरा पसरला, मंडळी जेवायला गेली, परत येऊन पाहतात तर पालिकेच्या सफाई कामगारांनी गल्ली लख्ख केलेली. किस्सा लोक हसून सांगतात आणि त्या हसण्यात थोडा अभिमानही असतो. मला मात्र त्यात दुसरंच दिसतं. ज्या शहराला दिवसरात्र दुसऱ्याच्या नावानं उभं राहावं लागतं, तिथल्या माणसाला आपली गल्ली गोष्ट सांगण्याजोगी आहे हे हळूहळू खरंच वाटेनासं होतं. कारागीर उपाशी नाही, उलट त्याला चांगला पगार आहे. भुकेला आहे तो प्रेक्षक, आणि त्याला भूक असल्याचं कळतही नाही.

इंग्रजी कॅनडातले उत्तम चित्रपट याच अवस्थेतून आले, हे मला समीक्षक म्हणून नोंदवावंसं वाटतं. डॉन शेबिबच्या 'गोइंग डाउन द रोड'मध्ये (१९७०) पूर्वेकडच्या किनाऱ्यावरचे दोन तरुण पोटासाठी मोडक्या गाडीतून टोरांटोला येतात आणि शहर त्यांना चेपून टाकतं. कोकणातून गिरणगावात आलेल्या चाकरमान्यांची गोष्ट ज्यानं ऐकली आहे त्याला हा चित्रपट परका वाटणार नाही. टोरांटो त्यात टोरांटो आहे, म्हणूनच तो लागतो. डेव्हिड क्रोनेनबर्गची वाट निराळी. लहानपणी रात्री उशिरा, कॅनडाची केंद्रं बंद झाल्यावर, सरोवरापलीकडच्या अमेरिकी दूरचित्रवाणीचे संदेश त्याच्याकडच्या संचावर उमटत. 'व्हिडिओड्रोम'मध्ये (१९८३) टोरांटोतल्या एका क्षुद्र वाहिनीचा मालक असाच एक चोरटा संदेश पकडतो आणि तो त्याच्या शरीरातच शिरतो. दुसऱ्याचा पडदा आपल्या पोटात उगवणं, याहून नेमकी प्रतिमा या देशाच्या सिनेमाला सापडलेली नाही. अ‍ॅटम इगोयाननं तर उलटा डाव टाकला. 'द स्वीट हिअरआफ्टर'ची (१९९७) मूळ कादंबरी न्यूयॉर्क राज्यातली, ती त्यानं ब्रिटिश कोलंबियात आणून ठेवली. सगळे कॅनडाला अमेरिका बनवत असताना त्यानं अमेरिकेतलं गाव कॅनडात हलवलं.

पण ही नावं बोटांवर मोजावी लागतात. इंग्रजी भाषेच्या बाजारात कॅनडाच्या स्वतःच्या चित्रपटांचा वाटा वर्षानुवर्षं एक-दोन टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो. दोष एकट्या हॉलिवूडवर टाकून सुटका नाही. चित्रपट कॅनडाचा ठरवायला दहा गुणांची पट्टी आहे. दिग्दर्शकाला दोन, लेखकाला दोन, प्रमुख नटांना, संकलकाला, छायाचित्रकाराला, संगीतकाराला वगैरे एकेक, आणि पास व्हायला सहा पुरे. गोष्ट कुठली, कुणाविषयी, यासाठी गुण नाहीत. अशी पट्टी हाती असली की माणसं पट्टीला पुरेल असा सिनेमा काढतात. अनुदानावर निघालेले कित्येक चित्रपट मी पाहिले आहेत: सभ्य, नीटनेटके, एका लहान गावात शोक करणाऱ्या माणसांचे. कंटाळा यावा इतके जबाबदार.

क्वेबेकमध्ये मात्र चित्र बदलतं. तिथे फ्रेंच आहे. भाषेचं कुंपण असल्यानं तिथे स्वतःचे नट, स्वतःच्या मालिका आणि त्या नटांना ओळखणारा प्रेक्षक तयार झाला. क्लोद जुत्राचा 'माँ ओंकल आंत्वान' (१९७१) खाणीच्या गावातला नाताळ एका पोराच्या डोळ्यांनी पाहतो. देनी आर्काँनं 'अमेरिकी साम्राज्याचा ऱ्हास' अशा खट्याळ नावाचा चित्रपट १९८६मध्ये केला, आणि त्याच पात्रांच्या पुढच्या गोष्टीला, 'द बार्बेरियन इन्व्हेजन्स'ला, २००३चं परभाषेतल्या चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. क्वेबेकचे चित्रपट चांगल्या वर्षी प्रांतातल्या गल्ल्यात दोन आकडी टक्के घेतात. टोरांटोतल्या निर्मात्याला हे स्वप्नवत वाटतं.

तरी कुंपण सगळं अडवत नाही. 'ॲन्साँदी' (२०१०) करणारा देनी व्हिलनव पुढे हॉलिवूडला गेला, आणि 'अरायव्हल' (२०१६) करायला क्वेबेकमध्ये परतला, तेव्हा सेंट लॉरेन्सकाठच्या कुरणाला त्याच्या चित्रपटात माँटाना व्हावं लागलं. घरच्या अंगणात परक्या नावानं उभं राहण्याची वेळ घरच्या पोरावर आली. त्याच्या 'ड्यून'ला (२०२१) दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं, त्यात डीनेग या कंपनीचा मोठा हात होता. तिची कामाची ठिकाणं लंडन, व्हँकुव्हर, माँट्रियल आणि मुंबईतही आहेत. हॉलिवूडची सावली आता एका डोंगराची राहिलेली नाही, ती कुठूनही पडते.

भाषेच्या कुंपणाचं सर्वांत विलक्षण उदाहरण मात्र उत्तर ध्रुवप्रदेशातल्या इग्लुलिक या गावाचं. रॉबर्ट फ्लॅहर्टी या अमेरिकी माणसानं १९२२मध्ये 'नानूक ऑफ द नॉर्थ' काढला. उत्तर क्वेबेकमधल्या इनुइटांकडून त्यानं त्यांच्याच जगण्याची, सोडून दिलेल्या रीतींसह, नक्कल करून घेतली. जगानं इनुइट म्हणून तेच पाहिलं. इग्लुलिकच्या लोकांनी पुढे दूरचित्रवाणी दोनदा मतदानानं नाकारली, कारण तिच्यावर त्यांच्या इनुक्टिटुट भाषेत काहीच नव्हतं. त्याच गावच्या झकारायस कुनुकनं आपली कोरीव शिल्पं माँट्रियलला विकून १९८१मध्ये व्हिडिओ कॅमेरा घेतला. वीस वर्षांनी 'अतनारजुआत' आला. पूर्ण लांबीचा इनुक्टिटुटमधला तो पहिला कथापट, आणि २००१च्या कानमध्ये पहिल्या चित्रपटासाठीचा कॅमेरा द'ऑर त्याला मिळाला. बर्फावरून नागवा धावणारा त्याचा नायक एकदा पाहिला की लाल डगल्यातला गाणारा पोलीस कायमचा हास्यास्पद होतो.

हे सगळं मराठी वाचकाला सांगताना मला संकोच वाटतो, कारण त्याला हे अर्धं आधीच ठाऊक आहे. १९७१मध्ये दादरच्या कोहिनूरमध्ये दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला पडदा मिळवून द्यायला शिवसैनिकांना रस्त्यावर यावं लागलं. समोर देव आनंदचा चित्रपट होता. २०१५मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपट संध्याकाळच्या मुख्य वेळेत लावावेत, असं राज्य सरकारला सांगावं लागलं. बलाढ्य शेजारी आपल्याच शहरात राहतो, आपल्याच तंत्रज्ञांना पगार देतो आणि आपलीच चाळ पार्श्वभूमी म्हणून वापरतो. टोरांटोपेक्षा मुंबईचं दुखणं अवघड, कारण शेजारी सीमेपलीकडे नाही, भिंतीपलीकडे आहे. आणि टोरांटोपेक्षा सोपं, कारण आपल्याला भाषा आहे. पण क्वेबेकनं नुसती भाषा राखली नाही, तिच्याभोवती पैसा, नट आणि प्रेक्षकाची सवय उभी केली. आपण यातलं नेमकं काय केलं, याचा हिशेब दादरपेक्षा माँट्रियलमध्ये बसून जास्त बोचरा वाटतो.

इकडे नवे वाद आहेत. ऑनलाइन वाहिन्यांनी कॅनडातल्या उत्पन्नाचा काही भाग इथल्या निर्मितीला द्यावा, असा कायदा २०२३मध्ये झाला, आणि वाहिन्या कोर्टात गेल्या. मे २०२५मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी परदेशात बनलेल्या चित्रपटांवर शंभर टक्के आयातशुल्काची घोषणा केली, तेव्हा व्हँकुव्हरच्या सुतारांच्या पोटात गोळा आला. दरम्यान मॅथ्यू रँकिननं 'युनिव्हर्सल लँग्वेज' (२०२४) काढला. त्यात विनिपेगमध्ये सगळे फारसी बोलतात, दुकानांच्या पाट्याही फारसीत. गोऱ्या, बर्फाळ, इंग्रजी विनिपेगला स्वतःसारखं दिसण्यासाठी परकी भाषा नेसावी लागली. गेल्या काही वर्षांत मी पाहिलेला हा सर्वांत कॅनेडियन चित्रपट.

सप्टेंबर २०२३मध्ये हॉलिवूडचे नट संपावर होते. टोरांटोतले सेट ओस पडले होते, आणि १९७६पासून भरणाऱ्या इथल्या चित्रपट महोत्सवाच्या लाल गालिच्यावर नेहमीचे बरेचसे चेहरे नव्हते. त्या वर्षी तिथला, आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला जयंत सोमलकर यांच्या 'स्थळ'ला. विदर्भातलं डोंगरगाव, लग्नासाठी पुन्हा पुन्हा 'दाखवली' जाणारी मुलगी, आणि तिला पाहायला येणारे पाहुणे. पडद्यावर बहुतेक गावातलीच माणसं, बोली तिथलीच, आणि डोंगरगाव डोंगरगाव म्हणूनच उभं. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत 'स्थळ' लागायला मार्च २०२५ उजाडावा लागला.